मुलांसोबत काम करणाऱ्यांची पोलीस पडताळणी: केंद्रचालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

समाजमंदिरातले संस्कार वर्ग, बालवाचनालय, अभ्यासिका, बालभवन, उन्हाळी शिबिर, सोसायटीच्या क्लब हाउसमधले छंदवर्ग, पाळणाघर, क्रीडा प्रशिक्षण केंद्र अशा ठिकाणांहून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरे महाराष्ट्रातल्या दिवसाच्या केंद्रांसाठी आहेत. मुले मुक्कामाला राहतात अशा बालगृहांना बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ४१ खाली नोंदणी लागते. त्यांचे नियम वेगळे आणि जास्त कडक आहेत.

१. ही पडताळणी खरोखर सक्तीची आहे, की "केली तर बरं" अशी सूचना आहे?

सक्तीची आहे. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण अधिनियम २०१२, म्हणजे पॉक्सो, याखाली केंद्र सरकारने मार्च २०२० मध्ये नवे नियम लागू केले. त्यातला नियम ३ सांगतो की मुलांना ठेवून घेणाऱ्या किंवा मुलांशी नियमित संपर्कात येणाऱ्या संस्थेने आपल्या प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलीस पडताळणी आणि पूर्वचारित्र्य तपासणी ठरावीक काळाने करून घ्यावी. कर्मचारी शिकवणारा असो वा नसो, कायम असो वा कंत्राटी, सुटका नाही. त्याच नियमात कर्मचाऱ्यांना बालसुरक्षेचे प्रशिक्षण ठरावीक काळाने देण्याची जबाबदारीही संस्थेवर टाकली आहे. पडताळणीची फाइल जाडजूड आणि प्रशिक्षणाची नोंद शून्य, असे चित्र फार दिसते. दोन्ही एकाच नियमात आहेत, हे विसरू नका.

२. आमची शाळा नाही. संध्याकाळी दोन तास खेळ घेतो. तरी लागू?

हो. नियमात शाळा, पाळणाघर आणि क्रीडा अकादमी यांची नावे घेऊन पुढे "मुलांसाठीची इतर कोणतीही सुविधा" असे शब्द येतात. संस्था नोंदणीकृत आहे की नाही, फी घेते की नाही, यावर काही अवलंबून नाही. मुले नियमित येतात का, एवढेच पाहायचे. मूल म्हणजे १८ वर्षांखालील व्यक्ती. दहावी-बारावीची मुले बसतात ती अभ्यासिकाही यात आली.

महाराष्ट्रात ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरची घटना घडल्यावर शालेय शिक्षण विभागाने शासन निर्णय काढला. त्यात सीसीटीव्ही, तक्रारपेटी आणि नेमणुकीआधीची चारित्र्य पडताळणी यांवर भर होता. तो निर्णय शाळांसाठी आहे, तुमच्या केंद्राला थेट लागू नाही. पण केंद्र शाळेच्या इमारतीत भरत असेल तर मुख्याध्यापक तुमच्याकडे प्रमाणपत्रे मागणार आणि ते योग्यच आहे.

३. कोणाकोणाची करायची? शिपाई, वॉचमन, गाडीवाले, सगळ्यांचीच?

मुलांच्या संपर्कात येणाऱ्या प्रत्येकाची. शिक्षकांची यादी कोणीही पटकन करते. सुटतात ते सफाई कामगार, रात्रपाळीचा वॉचमन, व्हॅनचा चालक आणि त्याच्या सुट्टीच्या दिवशी येणारा बदली चालक, खाऊ करून आणणारी व्यक्ती, संगणक दुरुस्तीला दर आठवड्याला येणारा मुलगा. यादी पदांवरून करू नका. केंद्राच्या वेळात दारातून आत येणारी माणसे आठवडाभर एका वहीत लिहा, यादी आपोआप तयार होते.

सुरक्षारक्षक एजन्सीचा असेल तर खाजगी सुरक्षा एजन्सी कायदा २००५ प्रमाणे पूर्वचारित्र्याची खात्री करून घेणे एजन्सीचेच काम आहे. "आमचे सगळे गार्ड व्हेरिफाइड आहेत" हे वाक्य मात्र पुरत नाही. तुमच्या दारात उभा राहणाऱ्या त्या माणसाच्या नावाची प्रत मागा, आणि माणूस बदलला की पुन्हा मागा.

जे विश्वस्त फक्त बैठकीला येतात त्यांच्यावर नियमाचा थेट रोख नाही. पण त्यांनी आपले प्रमाणपत्र आधी काढले, तर बाकीच्यांकडे मागताना तोंड उघडणे सोपे जाते.

४. आमच्याकडे कोणी पगारी नाही, सगळे सेवाभावी कार्यकर्ते. त्यांचीही?

इथे नियमाची भाषा थोडी अडचणीची आहे. पडताळणीचे कलम "कर्मचारी" या शब्दाभोवती लिहिलेले आहे. त्यामुळे मानधनही न घेणारा स्वयंसेवक अक्षरशः त्यात बसतो का, असा वाद घालता येतो. घालू नका. मुलांना सेवा देणाऱ्या संस्थेत किंवा विश्वासाच्या नात्यात असलेल्या व्यक्तीने केलेला अपराध पॉक्सोच्या कलम ५ मध्ये गंभीर स्वरूपाचा धरला आहे, आणि तिथे पगाराचा प्रश्नच येत नाही. शिवाय स्वयंसेवकाला दार सगळ्यात सहज उघडते: मुलाखत नाही, करार नाही, कोणाच्या तरी ओळखीने आला आणि पहिल्याच दिवशी मुलांना घेऊन मैदानावर गेला. नियमित येणाऱ्या प्रत्येक स्वयंसेवकाची पडताळणी करा. एकदाच येणाऱ्यांसाठी प्रश्न २० पाहा.

५. अर्ज कुठे आणि कसा करायचा?

मागायचे ते "चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र". अर्ज ती व्यक्ती स्वतः करते, संस्था फक्त पत्र देते. महाराष्ट्र पोलिसांच्या ऑनलाइन सेवेत नोंदणी करून अर्ज भरायचा, शुल्क तिथेच भरायचे. लागणारे कागद साधारण असे: फोटो आणि सही, ओळखीचा पुरावा, सध्याच्या पत्त्याचा पुरावा, वयाचा पुरावा (बहुतेक जण शाळा सोडल्याचा दाखला जोडतात) आणि संस्थेचे पत्र.

अर्ज आयुक्तालयाकडे किंवा जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षक कार्यालयाकडे जातो, तिथून तुमच्या हद्दीतल्या पोलीस ठाण्यात येतो. ठाण्यातला गोपनीयचा अंमलदार फोन करतो, मूळ कागद घेऊन बोलावतो किंवा घरी येतो, शेजारी चौकशी करतो आणि अहवाल वर पाठवतो. त्यानंतर प्रमाणपत्र मिळते. अर्ज क्रमांक आणि पावती संस्थेच्या फाइलमध्ये त्याच दिवशी लावा, कारण प्रश्न ११ मधली सगळी व्यवस्था त्या पावतीवर उभी आहे.

संस्थेच्या पत्रात एवढे हवे: लेटरहेड, जावक क्रमांक, तारीख, व्यक्तीचे पूर्ण नाव (आधारवर आहे तसेच), पद, "१८ वर्षांखालील मुलांसोबत काम" असा स्पष्ट उल्लेख, अध्यक्ष किंवा सचिवांची सही आणि शिक्का. "ज्याच्याशी संबंधित आहे त्यांस" अशी मोघम पत्रे परत येतात.

६. अर्ज अडकतो किंवा परत येतो. का?

दहातल्या बहुतेक वेळा नावामुळे. दाखल्यावर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे. आधारवर स्वतःचे नाव आधी. लग्न झालेल्या बाईंच्या दाखल्यावर "जाधव मंगल तुकाराम" आणि आधारवर "मंगल रमेश पवार". पोलिसांच्या दृष्टीने ही दोन माणसे आहेत. विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा नावबदलाचे राजपत्र सोबत जोडले नाही, तर अर्ज तिथेच थांबतो. आणि हा नुसता कागदाचा हट्ट नाही: माहेरच्या नावावरची नोंद सासरच्या नावाने शोधली तर सापडणार कशी?

दुसरे कारण पत्ता. माणूस खोलीत भाड्याने राहतो, आधारवर गावाचा पत्ता, आणि भाडेकराराची नोंद नाही. अर्जात सध्याचा पत्ता खरा लिहा आणि गावचा पत्ता कायमचा पत्ता म्हणून द्या. "एकच पत्ता लिहिला की काम सोपं" या सल्ल्याने अर्ज चुकीच्या ठाण्यात जातो, अंमलदाराला माणूस सापडत नाही आणि अर्ज निकाली निघतो.

उरलेली कारणे किरकोळ: अस्पष्ट स्कॅन, पत्रावर तारीख नाही, अनोळखी नंबर म्हणून पोलिसांचा फोन उचलला नाही.

७. माझ्याकडे पासपोर्ट आहे. भाडेकरू म्हणूनही ठाण्यात नोंद झाली आहे. ते चालेल?

नाही. भाडेकरूची माहिती घरमालक देतो ती वेगळ्या कामासाठी. पासपोर्टच्या वेळची चौकशी त्या दिवसापुरती होती, पासपोर्टची मुदत मात्र १० वर्षांची. पासपोर्ट कार्यालयाकडून मिळणारे पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट परदेशी जाणाऱ्यांसाठी असते. नाव सारखे वाटते म्हणून अनेक जण चुकून तेच काढून पैसे आणि वेळ घालवतात. इथल्या कामासाठी प्रश्न ५ मधलेच प्रमाणपत्र घ्या.

८. प्रमाणपत्रावर "गुन्हा दाखल नाही" असे आले. म्हणजे माणूस बिनधोक ना?

नाही. या पानावरचे सर्वांत महत्त्वाचे उत्तर हेच आहे. तो कागद एवढेच सांगतो की त्या तारखेला, दिलेल्या नावावर आणि पत्त्यावर, पोलिसांच्या नोंदीत काही आढळले नाही. मुलांवरच्या अत्याचारांची तक्रार बहुतेक वेळा होतच नाही, आणि जिथे तक्रार नाही तिथे नोंद कुठून येणार? लपवलेल्या पत्त्यावरची किंवा वेगळ्या नावावरची नोंदही सहज निसटू शकते.

लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय माहितीसूची २० सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झाली. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग ती सांभाळतो. ती फक्त तपास यंत्रणांना उघडते, संस्थेला किंवा पालकांना नाही. "ऑनलाइन नाव टाकून पाहता येतं का" याचे उत्तर म्हणून नाही.

प्रमाणपत्र ही चाळणी आहे. मोठा खडा अडकतो, बारीक खाली जातो. त्यामुळे उरलेली सुरक्षा केंद्राच्या रोजच्या शिस्तीतून उभी करावी लागते. एक मोठा माणूस आणि एक मूल बंद दाराआड कधीच नको. खोलीच्या दाराला काच किंवा दार उघडे हवे. स्वच्छतागृहात लहान मुलांना नेण्याचे काम ठरलेल्या व्यक्तीकडे असावे आणि ते दुसऱ्याला माहीत असावे. मुलांना वैयक्तिक मेसेज नको, जे काही असेल ते पालक असलेल्या ग्रुपवर. सहलीला किमान दोन मोठी माणसे. सरांच्या दुचाकीवर एकट्या मुलाला घरी सोडणे बंद.

९. पोलिसांखेरीज आम्ही स्वतः काय तपासायचं?

नियमात "पोलीस पडताळणी" आणि "पूर्वचारित्र्य तपासणी" असे दोन शब्द आहेत. दुसरे काम तुमचे.

मागच्या दोन ठिकाणी फोन करा, आणि त्यातले एक ठिकाण मुलांशी संबंधित असावे. नंबर उमेदवाराने दिलेला वापरू नका, संस्थेचा नंबर स्वतः शोधा. मित्र "माजी संचालक" म्हणून बोलल्याचे प्रकार होतात. विचारायचे प्रश्न तीनच: कधीपासून कधीपर्यंत होते, का सोडले, आणि मुलांसोबतच्या कामावर यांना पुन्हा घ्याल का? तिसऱ्या प्रश्नानंतर गप्प बसा. "तसे कामाला चांगले होते..." हे वाक्य कसे संपते ते ऐका.

बायोडेटातला मोकळा काळ विचारा. दर वर्षी संस्था बदलणारा, आणि प्रत्येक वेळी वर्ष अर्ध्यात सोडणारा, याचे कारण साधे असू शकते. पण ते त्याच्या तोंडून यायला हवे.

शेवटी स्वयंघोषणापत्र घ्या: माझ्यावर कोणताही गुन्हा दाखल, प्रलंबित किंवा सिद्ध झालेला आहे किंवा नाही, मुलांबाबतच्या तक्रारीवरून मला कुठल्या संस्थेने कामावरून कमी केले आहे किंवा नाही, आणि पुढे असे काही घडल्यास मी लगेच कळवीन. दुसरा मुद्दा सगळ्यात मोलाचा, कारण अशी गोष्ट पोलिसांच्या नोंदीत नसतेच.

१०. खाजगी एजन्सी दोन दिवसांत रिपोर्ट देते. तो पोलिसांऐवजी चालेल?

सोबत चालेल, ऐवजी नाही. अशा एजन्स्या बहुतांशी न्यायालयांच्या खुल्या नोंदी, पत्ता आणि जुनी नोकरी तपासतात. पोलीस ठाण्याच्या नोंदी त्यांच्या हातात नसतात. शिवाय पॉक्सोच्या खटल्यांत मुलाची ओळख जपण्यासाठी ऑनलाइन नोंदीत पक्षकारांची नावे अनेकदा दिसत नाहीत. म्हणजे तुम्हाला जे शोधायचे आहे, नेमके तेच या मार्गाने सापडणे कठीण.

११. शिबिर आठ दिवसांवर आले आणि प्रमाणपत्र आलेलं नाही. काम सुरू करू द्यावं का?

मार्च-एप्रिलमध्ये हाच प्रश्न सर्वाधिक येतो. खरे उत्तर असे की शिबिराची तारीख ठरली त्याच आठवड्यात अर्ज जायला हवे होते. पण वेळ गेलीच असेल तर अर्जाची पावती, स्वयंघोषणापत्र आणि मागच्या संस्थेशी झालेल्या बोलण्याची लेखी नोंद, या तिन्ही गोष्टी हातात असल्याशिवाय पहिला दिवस नको. त्यानंतरही ती व्यक्ती पडताळणी झालेल्या सहकाऱ्याच्या नजरेसमोरच काम करेल. स्वतंत्र गट नाही, सहल नाही, चाव्या नाहीत. हजेरीपत्रकात तिच्या नावापुढे खूण करा, म्हणजे गर्दीच्या दिवशी कोणी चुकून तिच्या हाती वर्ग सोपवणार नाही.

ही तडजोड दोन-तीन आठवड्यांची आहे. शिबिर संपले, माणूस वर्गावर कायम झाला आणि "पावती आहे की" म्हणून वर्ष निघून गेले, असे होऊ देऊ नका.

१२. एकदा केली की झाली का? किती वर्षांनी पुन्हा?

नियम "ठरावीक काळाने" म्हणतो, आकडा देत नाही. आकडा तुमच्या बालसंरक्षण धोरणात तुम्ही लिहायचा. आमचे मत: दर २ वर्षांनी नवे प्रमाणपत्र आणि दर वर्षी जूनमध्ये नवे स्वयंघोषणापत्र. मधल्या काळात पत्ता किंवा नाव बदलले, सहा महिन्यांहून जास्त खंड पडला किंवा काम बदलले (कार्यालयातला माणूस वर्गावर आला), तर मुदतीची वाट न पाहता पुन्हा करा. दुसऱ्या संस्थेसाठी काढलेले प्रमाणपत्र ताजे असले तरी तुमच्या नावाचे नवे मागा.

१३. आमचे सर वीस वर्षांपासून आहेत. त्यांच्याकडे कसं मागायचं? अपमान वाटेल.

एकट्या सरांकडे मागितले तर वाटेलच. म्हणून कोणा एकाकडे मागूच नका. कार्यकारिणीच्या बैठकीत ठराव करा: अमुक तारखेपर्यंत अध्यक्षांपासून शिपायापर्यंत सर्वांची प्रमाणपत्रे. ठरावाची प्रत फलकावर लावा, पहिला अर्ज अध्यक्षांचा. सरांना मग विचारायचे नसते, तारीख सांगायची असते. जुनी, लाडकी, कोणी शंका घेणार नाही अशी व्यक्ती वगळली की उरलेल्या सगळ्यांना पळवाट मिळते. आणि मुलांच्या बाबतीत संशयापलीकडची जागा हीच सगळ्यात सोयीची जागा असते.

१४. आमच्याकडे सगळ्या ताईच आहेत. तरी लागते?

लागते. नियम स्त्री-पुरुष भेद करत नाही, आणि पॉक्सो मुलगे आणि मुली दोघांनाही संरक्षण देतो.

१५. प्रमाणपत्रात गुन्ह्याची नोंद निघाली. लगेच नकार द्यायचा?

नोंद कसली आहे ते आधी वाचा. सामाजिक कामातल्या अनेकांवर आंदोलनांचे गुन्हे असतात: जमावबंदी मोडली म्हणून महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे कलम ३७ आणि १३५, रास्ता रोको, घोषणाबाजी. मुलांच्या सुरक्षेशी त्याचा संबंध नाही. शेजाऱ्याशी बांधावरून झालेली अदखलपात्र तक्रारही तशीच.

उलट बाजूला ज्यांना कधीही घ्यायचे नाही असे आहेत: पॉक्सो, बलात्कार, विनयभंग, अपहरण, मानवी व्यापार, बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७५ खालची मुलांशी क्रूरता. यात चर्चा नको.

मधला पट्टा अवघड. मारहाण, घरगुती हिंसाचार, दारूबंदी, अमली पदार्थ. इथे तीन जणांनी बसून निर्णय घ्यावा, त्यातली किमान एक व्यक्ती उमेदवाराच्या ओळखीची नसावी. गुन्हा कधीचा, त्या वेळी वय काय, खटल्याचे काय झाले, काम कोणते, आणि त्याने स्वयंघोषणापत्रात हे आधी सांगितले होते का, हे पाहावे. शेवटच्या मुद्द्याला वजन द्या. सरकारी नोकऱ्यांपुरते बोलायचे तर सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अवतार सिंग प्रकरणात पडताळणीच्या वेळी माहिती दडवण्याबद्दल मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. किरकोळ प्रकरणात माफीला वाव ठेवला, पण दडवणे ही स्वतंत्र गंभीर बाब मानली. खाजगी संस्थेलाही तीच दिशा उपयोगी पडते. निर्णय काहीही असो, कारणासह लिहून ठेवा.

१६. पॉक्सोचा खटला होता, पण निर्दोष सुटलेत. आता?

खटला प्रलंबित असेल तर मुलांसोबत काम नाही. निकालापर्यंत थांबायचे, त्यात दोषी ठरवल्यासारखे काही नाही. सुटका झाली असेल तर निकालाची प्रत मागून वाचा. घटना घडलीच नाही असे न्यायालयाने म्हटले आहे, की साक्षीदार फितूर झाले आणि संशयाचा फायदा मिळाला? दोन्ही कायद्याने निर्दोषच, पण मुलांच्या शेजारी कोणाला उभे करायचे हे ठरवताना फरक पडतो. निकाल वाचणे जमत नसेल तर वकिलाला तासभर बसवा.

१७. उमेदवार १५ वर्षांचा असताना त्याच्यावर केस झाली होती. ती मोजायची?

नाही. बाल न्याय अधिनियमाच्या कलम २४ प्रमाणे अल्पवयात बाल न्याय मंडळापुढे निकाली निघालेल्या प्रकरणामुळे पुढे अपात्रता येत नाही, आणि त्या नोंदीही ठरावीक काळानंतर नष्ट करायच्या असतात. अपवाद एकच: १६ वर्षे पूर्ण झालेल्या मुलाने केलेला अति गंभीर अपराध, ज्यात बाल न्यायालयाने त्याला प्रौढ म्हणून चालवून दोषी ठरवले. तुमच्या स्वयंघोषणापत्रात "१८ वर्षे पूर्ण झाल्यानंतर" हे शब्द घाला, म्हणजे कोणी नको ते लिहिणार नाही.

१८. अकरावी-बारावीची मुलं मदतनीस म्हणून येतात. त्यांची पडताळणी?

करू नका. ती स्वतःच कायद्याने मुले आहेत आणि तुमच्यावर त्यांचीही जबाबदारी आहे. पालकांची लेखी संमती घ्या, लहानांचा गट त्यांच्या एकट्याच्या हाती देऊ नका, आणि मोठ्या माणसांना लागू असलेले वागण्याचे नियम त्यांना पहिल्या दिवशी समजावून सांगा. १८ पूर्ण झाले की वाढदिवसाच्या आठवड्यातच अर्ज.

१९. परदेशी स्वयंसेवक, किंवा आखातात दहा वर्षे राहून आलेले आपले लोक?

इथल्या पोलिसांना तिथली नोंद दिसत नाही. ज्या देशात राहिले तिथल्या पोलिसांचे प्रमाणपत्र मागा. ब्रिटिश नागरिकांसाठी परदेशात मुलांसोबत काम करताना वापरायचे खास "इंटरनॅशनल चाइल्ड प्रोटेक्शन सर्टिफिकेट" मिळते, तेच मागा. परदेशी व्यक्तीच्या व्हिसात हे काम बसते का, ते आधी पाहा. आखातातून परतलेल्यांना तिथले प्रमाणपत्र मिळवायला वेळ लागतो. तोवर प्रश्न ११ मधली बंधने.

२०. जादूगार, सर्पमित्र, गोष्ट सांगणाऱ्या आजी एकदाच येतात. त्यांचं काय?

पडताळणी नको, ओळखपत्र आणि अभ्यागत वहीत नोंद पुरे. पाहुणा मुलांसोबत क्षणभरही एकटा राहणार नाही आणि मुलांचे फोटो स्वतःच्या मोबाइलवर घेणार नाही, एवढे पाळा. तोच पाहुणा महिन्यातून दोनदा यायला लागला की तो पाहुणा राहिला नाही.

२१. आम्ही फक्त हॉल भाड्याने देतो. कराटे आणि नृत्याचे क्लास दुसरेच चालवतात.

प्रशिक्षक त्यांचे कर्मचारी, त्यामुळे पडताळणीची पहिली जबाबदारी त्यांची. पण पालक दारावर तुमची पाटी वाचून मूल सोडतात. भाडेकरारात कलम घाला: वर्ग घेणाऱ्या प्रत्येकाचे प्रमाणपत्र सुरुवातीला दाखवणे, प्रशिक्षक बदलल्यास आधी कळवणे, तुमचे बालसंरक्षण धोरण पाळणे, मोडल्यास करार रद्द. बदली प्रशिक्षकाची बाब लिहायला विसरतात आणि नेमकी तीच लागते.

२२. हे कागद कुठे, किती काळ ठेवायचे?

कुलपाच्या कपाटात, दोन व्यक्तींच्याच ताब्यात. आधारची प्रत घ्यायची तर पहिले आठ आकडे झाकलेले मास्क्ड आधार घ्या. प्रमाणपत्रे व्हॉट्सॲप ग्रुपवर मागवणे ताबडतोब थांबवा. एकाच्या प्रमाणपत्रातली नोंद चाळीस जणांच्या फोनमध्ये गेली की परत घेता येत नाही. व्यक्ती काम करते तोवर आणि सोडल्यानंतर धोरणात ठरवलेल्या काळापर्यंत कागद ठेवा. नाकारलेल्या उमेदवारांचे कागद परत द्या किंवा नष्ट करा, निर्णयाची नोंद मात्र ठेवा.

२३. पडताळणी झालेल्याच माणसाबद्दल मुलाने काही सांगितलं. आधी आपण चौकशी करून मग पोलिसांकडे जावं का?

नाही. पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणे अपराध घडल्याची माहिती किंवा घडण्याची धास्ती असलेल्या प्रत्येकाने स्थानिक पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवायचे आहे. पुरावा गोळा करणे तुमचे काम नाही. न कळवल्यास कलम २१ खाली ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. हाताखालच्या माणसाचा अपराध दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला १ वर्षापर्यंत कैद आणि दंड. चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका वसतिगृहाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले की माहिती असून न कळवणे हा गंभीर गुन्हा आहे.

मुलाला पुन्हापुन्हा विचारू नका. त्याने सांगितले ते त्याच्याच शब्दांत, वेळ घालून लिहा. त्या व्यक्तीला मुलांपासून दूर करा, पालकांना कळवा (संशय घरातल्यावर असेल तर आधी पोलिसांशी बोला), ११२ किंवा चाइल्ड हेल्पलाइन १०९८ लावा. मुलाचा जबाब शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेशाशिवाय, त्याच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या जागी घ्यायचा असतो. ते आठवण करून देण्याचा तुम्हाला अधिकार आहे. प्रामाणिकपणे दिलेल्या माहितीबद्दल तुमच्यावर कारवाई होत नाही, तेही कलम १९ मध्येच आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळासाठीची अंतर्गत समिती वेगळ्या कायद्याची आहे, मुलांच्या तक्रारी तिच्याकडे वळवू नका.

२४. तक्रारीनंतर त्याने राजीनामा दिला. आता दुसऱ्या संस्थेने फोन करून विचारलं तर काय सांगायचं?

राजीनामा घेतला म्हणून प्रश्न २३ मधली जबाबदारी संपत नाही. पोलिसांना कळवले नसेल तर आधी ते करा. "कोर्टकचेरी नको, गुपचूप जाऊ दे" म्हणून सोडलेला माणूस कोरे प्रमाणपत्र घेऊन पुढच्या गावातल्या केंद्रात पोहोचतो.

फोनवर बोलताना खरे आणि नोंदीत असलेले तेवढेच सांगा: अमुक ते अमुक काळ काम केले, मुलाबाबतच्या तक्रारीनंतर काम थांबले, पोलिसांना कळवले आहे, आम्ही पुन्हा घेणार नाही. मुलाचे नाव, वर्ग किंवा ओळख पटेल असे काहीही नाही. बदनामीची भीती अनेकांना वाटते. पण दुसऱ्याच्या हिताच्या रक्षणासाठी सद्भावनेने दिलेल्या माहितीला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्येच अपवाद आहे. समोरच्याला त्याची विनंती संस्थेच्या ईमेलवरून लेखी पाठवायला सांगा, उत्तरही लेखी द्या, आणि दोन्हीची प्रत त्या व्यक्तीच्या फाइलमध्ये लावा.